महाड : कागदावरचं आणि पायाखालचं

१

शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्याच्या मागच्या अंगाला एका चाचाचं रद्दीचं दुकान आहे. पुस्तकं तिथं किलोवर विकतात. पोथी, पंचांग, पोरांच्या वह्या, वकिलाची कायद्याची बुकं, सगळं एकाच तागडीत. रात्रपाळी सुटली की मी घरी जायच्या आधी तिथं घटकाभर बसतो. चाचा ओळखतात. गेल्या पावसाळ्यात ढिगाच्या तळाशी एक जाड पुस्तक सापडलं. पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत, लेखकाचं नाव नाही. इंग्रजी. आतल्या सनांवरून साहेबाच्या अमदानीतलं दिसत होतं. विषय कोकणातल्या बंदरांचा.

"अंग्रेजी है बेटा, कोई नई लेता. चालीस दे दे," चाचा म्हणाले.

मी घेणार नव्हतो. पण मधोमध एक घडीचा नकाशा होता, तो उलगडला आणि त्यावर ‘महाड’ हे नाव वाचलं. बस्स. चाळीस रुपये दिले आणि पुस्तक काखेत मारून निघालो. डोक्यात एकच. या नकाशात आपलं तळं कुठं आहे ते बघायचं.

तळं नव्हतं. खाडी होती, बंदरं होती, किल्ले होते, डोंगरांची उंची होती. महाडच्या जागी एक काळा ठिपका. पुस्तकात महाडवर दोन-अडीच पानं होती. भात, मीठ, गलबतं, किल्ला, तह. तळ्याचं नाव नाही. मी डिक्शनरी घेऊन चार रात्री ती पानं लावली. सापडलं नाही.

मग मी आमच्या मंडळातल्या पोरांना विचारलं, "महाडबद्दल काय काय माहितीय?" सगळ्यांनी एकच सांगितलं, चवदार तळं. म्हणलं, गाव कोणत्या नदीवर आहे? गप्प. बाबासाहेब दुसऱ्या खेपेला तिथं कसे गेले? एक म्हणाला मोटारीनं, एक म्हणाला रेल्वेनं.

म्हणजे त्यांच्या पुस्तकातल्या महाडाला तळं नाही, आणि आपल्या महाडाला गाव नाही, नदी नाही, रस्ता नाही. दोन्हीकडं अर्धंच. हा लेख त्या राहिलेल्या अर्ध्यासाठी आहे.

२

आधी नकाशा बघू. तो टाकून द्यायचा नाही, वाचायचा.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि कोकणात उतरते. महाडजवळ तिला गांधारी मिळते. पुढं दासगाव लागतं, आणि शेवटी बाणकोटला ती समुद्राला मिळते. भरतीचं पाणी खाडीतून वर चढतं, म्हणून समुद्र लांब असूनही महाड हे बंदर. घाटावरचा माल खाली यायचा, खाडीतलं मीठ आणि मासळी वर जायची. पाठीशी रायगड. हा सगळा मुलूख आधी कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जायचा. १९८१ साली त्याचं रायगड झालं. खाडीच्या दक्षिण काठाला मंडणगड तालुका. त्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांच्या घराण्याचं मूळ गाव. म्हणजे ज्या खाडीच्या एका अंगाला बाबासाहेबांचे वाडवडील राहिले, तिच्याच वरच्या टोकाला हे तळं आहे. हे मला नकाशावर बोट ठेवेपर्यंत माहीत नव्हतं. भाषणं मी शंभर ऐकली असतील.

उत्तरेला जंजिऱ्याच्या सिद्दीचं राज्य. हे सिद्दी आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. आणि आपण ज्या शहरात राहतो ते १६१० साली खडकी म्हणून वसवणारा मलिक अंबर, तोही हबशीच, बाजारात गुलाम म्हणून विकला गेलेला. त्यानं या शहराला नहरीचं पाणी दिलं. शहागंजात आपण चहा पितो तेव्हा हे आठवत नाही. गुलामानं बांधलेली नहर सगळ्या शहराला पाणी पाजते आणि तिकडं तळ्याच्या काठी माणूस तहानलेला राहतो. दोन्ही गोष्टी याच महाराष्ट्रातल्या.

आता त्या पुस्तकांचा महाड. फाटक्या पुस्तकात जे होतं आणि नंतर मी वाचनालयात बसून जे ताडून पाहिलं, त्याचा गोषवारा असा. १७५६ साली पेशव्यांशी झालेल्या करारात बाणकोट इंग्रजांकडे गेलं. त्यांनी किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं. पुढं जेम्स फोर्ब्ज नावाचा कंपनीचा नोकर प्रकृतीसाठी दासगावजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला. त्याचं जाडजूड प्रवासवर्णन १८१३ साली लंडनला छापलं गेलं. १७९६ साली नाना फडणवीस महाडात राहिला आणि त्यानं तिथून निजामाशी तह केला. आदल्याच वर्षी खर्ड्याच्या लढाईत निजाम हरला होता, त्या मुलखाची देवघेव या तहात होती. तेव्हा औरंगाबाद निजामाकडं होतं. म्हणजे महाडात बसून आपल्या मराठवाड्याचे सौदे चालले होते! १८०२ साली यशवंतराव होळकरानं पुण्याजवळ मार दिला तेव्हा दुसरा बाजीराव पळून महाडला आला, तिथून खाडीनं समुद्रावर गेला, आणि ३१ डिसेंबर १८०२ ला वसईला इंग्रजांच्या कागदावर सही करून मोकळा झाला.

हे सगळं खरं आहे. पण बाजीराव पळत होता तेव्हा त्याची ओझी कुणाच्या डोक्यावर होती? होडीत कुणी चढवली? वाटेत पाणी कुणी कुठं प्यालं? पुस्तक बोलत नाही. मुंबई सरकारनं १८८३ साली कुलाबा आणि जंजिरा यांचं गॅझेटिअर काढलं. दुसऱ्याच वर्षी, १८८४ ला, निजामाच्या राज्यातल्या आपल्या औरंगाबाद जिल्ह्याचंही निघालं. साहेबाच्या गॅझेटिअरांत जातवार प्रकरणं असतात. किती महार, किती चांभार, काय खातात, कोणती कामं करतात. कोंबड्या-बकऱ्या मोजाव्या तसं मोजलेलं. माणूस मोजला जातो, पण त्याचं म्हणणं लिहिलं जात नाही.

एक जागा मात्र अशी आहे की तिथं त्या पुस्तकवाल्यांनाही थांबावं लागलं. महाडच्या जवळच्या डोंगरात गांधारपाल्याची लेणी आहेत, सुमारे तीस. बौद्ध लेणी. त्यांत ब्राह्मी लेख आहे. कानभोज विष्णुपालित नावाच्या कुमारानं लेणं दान दिल्याचा. काही विद्वान तर ग्रीक खलाशांच्या जुन्या पुस्तकात आलेलं पालैपत्मई नावाचं बंदर याच पालेगावाशी जोडतात. दीड हजारावर वर्षं झाली, दान देणाऱ्याचं नाव अजून वाचता येतं. कारण ते दगडावर कोरलं. आणि त्या लेण्यांच्या पायथ्याशी जगलेल्या आपल्या पिढ्यांचं एक नाव सापडत नाही. कारण आपल्या हातात छिन्नी होती, पण ती दुसऱ्याचं घर बांधायला.

३

सापडत नाही म्हणलं खरं, पण शोधलं तर सापडतं. तीच तर गोष्ट आहे.

बाणकोट-दासगावचा पट्टा इंग्रजांकडं लवकर गेला. त्यामुळं इथले महार पलटणीत लवकर शिरले. पलटणीत शाळा होती. पेन्शन घेऊन माणूस गावी यायचा तेव्हा त्याच्या अंगावर कोट असायचा आणि हातात अक्षर. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्याच गावचे. १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले. जोतिबांच्या सत्यशोधक विचारांचे. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ नावाचं पुस्तक काढलं. अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. महारांची सैन्यभरती बंद व्हायला लागली तेव्हा सरकारकडं अर्ज तयार केला. १८९५ साली ते महाड तालुका लोकल बोर्डावर सभासद झाले. महार माणूस बोर्डावर खुर्चीत बसणार म्हणून सवर्णांनी गोंधळ घातला. १९०० साली बाबा गेले.

विचार करा दोस्तांनो. १८८३ ला गॅझेटिअर छापून निघालं. पाचच वर्षांनी त्याच मुलखातला महार स्वतःचं पुस्तक छापतो. साहेबानं आपल्यावर लिहिलं आणि पाच वर्षांत आपण साहेबालाच नव्हे, मनूलाही उत्तर लिहिलं. पण वाचनालयात गॅझेटिअर काचेच्या कपाटात आणि वलंगकरांचं नाव विचारलं तर लायब्रियन आपल्याकडंच बघत राहतो.

दुसरं नाव रामचंद्र बाबाजी मोरे. जन्म १९०३, महाडजवळचं लाडवली. महाडच्या इंग्रजी शाळेत शिकायचं म्हणून पोरवयातच भांडावं लागलं. महाड म्हणजे बाजार. आसपासच्या खेड्यांतले आपले लोक लाकूड-गवताचा भारा घेऊन यायचे, दिवसभर उन्हात, आणि प्यायला पाण्याचा थेंब नाही. हे या पोरानं डोळ्यानं पाहिलं होतं. पुढं बाबासाहेबांना महाडात आणायची खटपट करणाऱ्यांत तो पुढं होता. नंतर तो लाल झेंड्याखाली गेला, म्हणून आपल्या काही वक्त्यांच्या तोंडातून त्याचं नाव गळतं. हे बरोबर नाही. आपण गाळायला लागलो तर त्या नकाशावाल्यात आणि आपल्यात फरक काय?

सुरबानाना टिपणीस हे महाड नगरपालिकेचे अध्यक्ष होते, अनंतराव चित्रे होते, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे होते. हे सवर्ण. डिसेंबरच्या परिषदेला मांडवासाठी कुणी हिंदू जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमानानं जागा दिली. मार्चमध्ये मारहाण सुरू झाली तेव्हा काही लोकांना मुसलमानांच्या घरांनी आत घेतलं. ज्यानं केलं त्याचं नाव लिहायचं. इतिहास म्हणजे हिशोब आहे, त्यात उधारी-जमा दोन्ही बाजू पाहिजेत.

४

आता मुख्य गोष्ट. ती क्रमानं सांगतो, कारण सभांमधून ती फार उलटसुलट होते.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोल्यांचा ठराव पास झाला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं ठराव केला, चवदार तळं सगळ्यांना खुलं.

कागद झाला. पुढं काय? पुढं तीन वर्षं काहीच नाही. एकही माणूस पाण्याला गेला नाही. ठराव दप्तरात होता आणि लोक तहानलेले होते. कागदाला पाय नसतात.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला पाणी सवर्णांकडून विकत घ्यावं लागलं, चाळीस रुपयांचं. (माझ्या रद्दीच्या पुस्तकाला चाळीस पडले तेव्हा हेच आठवलं. तेव्हाचे चाळीस म्हणजे केवढे!) २० तारखेला परिषद संपताना लोक चाराचाराच्या रांगेनं तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीनं पाणी प्यालं. मागून लोकांनी प्यालं. दोनेक तासांत अफवा उठवली गेली, आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार. मांडवात जेवायला बसलेल्या, गावाकडं निघालेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. नंतर तळं शुद्ध केलं. शेण, गोमूत्र, दही, दूध घातलेल्या १०८ घागरी तळ्यात ओतून. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’ निघालं. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेनं आपला ठराव मागं घेतला. तारीख बघा. बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षं झाली त्या दिवशी.

मग डिसेंबरचा सत्याग्रह ठरला. बाबासाहेब २४ डिसेंबरला मुंबईहून दोनेकशे लोकांसह निघाले. कशानं? आगबोटीनं. ‘पद्मावती’ तिचं नाव. रस्त्यानं जावं तर मोटारवाले ऐन वेळी नाही म्हणतील ही धास्ती. २५ ला दुपारी बोट दासगाव बंदराला लागली. तिथं हजारो लोक वाट बघत उभे होते. तिथून पाच मैल पायी महाड.

इथं मी पुन्हा नकाशा उघडला. ज्या खाडीनं बाजीराव तोंड लपवून खाली पळाला, जिच्या काठानं फोर्ब्ज साहेब पाण्यात डुंबायला आला, जिच्या काठी बाबासाहेबांच्या वाडवडलांचं गाव, त्याच खाडीनं बाबासाहेब वर चढून आले. दासगाव हे पेन्शनर महारांचं गाव, वलंगकरांच्या वेळेपासून जागं झालेलं. बोट तिथं लागली हा योगायोग नव्हे. चळवळीलाही भूगोल असतो. हे कुठल्या नकाशावर छापलेलं नाही. हा नकाशा आपण काढायचा आहे.

त्या दिवशी संध्याकाळी, २५ डिसेंबर १९२७ ला, मनुस्मृती जाळली. ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी, ब्राह्मण माणसानं. आणि पाणी? डिसेंबरात पाणी घेतलं नाही! हे नीट लक्षात ठेवा. आपले वक्ते पाणी पिणं आणि मनुस्मृती जाळणं एकाच दिवशी करून टाकतात. नऊ महिन्यांचं अंतर आहे दोन्हीत. सनातन्यांनी १२ डिसेंबरला महाडच्या कोर्टात दावा टाकला होता, १४ ला तात्पुरती मनाई मिळवली होती. बाबासाहेबांनी रात्र-रात्र चर्चा केली. लोक म्हणत होते, तुरुंगात जातो, मरतो. कलेक्टर स्वतः येऊन बोलला. शेवटी बाबासाहेबांनी लोकांना समजावलं. २७ ला मिरवणूक तळ्याभोवती फिरली, पाण्याला हात न लावता.

आमच्या मंडळातला एक पोरगा हे ऐकून नाराज झाला. म्हणाला, "मंग माघार घेतली म्हणा की." मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण पुढचं वाचलं आणि मत बदललं.

५

दाव्यात त्यांचं म्हणणं काय होतं? तळं सार्वजनिक नाही. ते स्पृश्यांच्या खाजगी मालकीसारखं आहे, अनादी काळापासून फक्त तेच पाणी घेतात, अस्पृश्यांना तिथं जायचा हक्क नाही. म्हणजे देव-धर्म बाजूला राहिला आणि भांडण जमिनीच्या कागदावर आलं. हे पाणी कुणाचं? काठ कुणाचा? रस्ता कुणाचा?

आणि त्या कोर्टात, ज्या कागदानं आपल्याला हजार वर्षं बाहेर ठेवलं, तोच कागद बाबासाहेबांनी हातात घेतला.

८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टानं दावा फेटाळला. म्हणणं असं की, एक वर्ग पाणी घेत आला आणि दुसरा घेत आला नाही, एवढ्यानं सार्वजनिक तळ्यावर पहिल्याचा हक्क तयार होत नाही. ते ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ ला अपील फेटाळलं. मग हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी निकाल दिला. (हा ब्रूमफील्ड तोच, ज्यानं १९२२ साली अहमदाबादला गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा दिली होती.) त्या निकालपत्रात तळ्याचं वर्णन आहे. चार-पाच एकराचं पाणी, चारी अंगांनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यापलीकडं सवर्णांची आणि थोडी मुसलमानांची घरं, काही घरवाल्यांच्या काठाला पट्ट्या आणि पायऱ्या. मी हे वाचलं आणि उठून बसलो. कारण हाच तो नकाशा! रद्दीतल्या नकाशात जो काळा ठिपका होता, तो इथं उघडला होता. पाणी, भोवती रस्ता, रस्त्यामागं घरं. आणि त्या चित्रात आपली वस्ती कुठंच नाही. तळ्याभोवती गाव आणि गावाबाहेर आपण.

हायकोर्टानं म्हणलं, प्रथा अनादी आहे हे सिद्ध झालेलं नाही. अपील फेटाळलं. तळ्यावर पाणी प्याल्याला दहा वर्षं व्हायला तीन दिवस कमी होते.

दहा वर्षं. लाठी खाल्लेली जखम दोन महिन्यांत भरते. हा दावा नऊ वर्षांच्या वर चालवला. आमच्या मंडळातल्या पोराला मी म्हणलं, "माघार कुणी घेतली ते आता सांग." १९२४ चा कागद पायांवाचून मेला. मार्च १९२७ चे पाय कागदावाचून लाठ्यांखाली आले. दोन्ही एकत्र आले तेव्हा तळं सुटलं. मला महाडचा धडा हा वाटतो. कुणाला वेगळा वाटत असेल तर पुढच्या अंकात लिहा.

आता महाडवर पुस्तकं कमी नाहीत. धनंजय कीरांचं चरित्र आहे, खैरमोड्यांचे खंड आहेत, मोऱ्यांच्या आठवणी आहेत, सरकारनं ‘बहिष्कृत भारत’चे अंक पुन्हा छापले, बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांत दाव्याचे कागद आहेत, २०१६ साली आनंद तेलतुंबड्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. पण ही पुस्तकं जयंतीच्या स्टॉलवर विकत घेऊन कपाटात ठेवायची नसतात. मी गिरणीत रिंगफ्रेमवर असतो. तिथं तुटलेला धागा हेरून सांधायचा, एवढंच काम. धागा तुटलेला दिसला नाही तर बॉबिन रिकामं फिरत राहतं आणि लांबून सगळं चालू दिसतं. आपल्या जयंत्यांचं तसं होऊ नये.

६

हे सगळं मी का सांगतोय? एक घरचं सांगतो.

आमच्या गावाला वस्तीच्या खालच्या अंगाला एक विहीर आहे. आजी सांगायची, "ती आपल्या हातची हीर हाय. माह्या सासऱ्यानं अन् त्याच्या भावानं खणली. दगड आमीच वाह्यले." दुष्काळात साऱ्या गावानं तिचं पाणी नेलं. आता पाच-सहा वर्षांपूर्वी तिच्याभोवती तारेचं कुंपण आलं. विचारायला गेलो तर समोरच्यानं सातबारा दाखवला. विहीर त्याच्या नावावर. एका कचेरीत नकाशा बघायला गेलो. बाबूनं नकाशा उलगडला, बोट ठेवलं आणि म्हणाला, "इथं तुमचं काय दिसतंय दाखवा." मला दाखवता आलं नाही. नकाशावर एक बारका गोल होता, विहिरीचा. कुणी खणली, कुणी पाणी भरायचं, ते गोलात लिहिलेलं नसतं. आमच्या वस्तीच्या जागेवर तर काहीच नव्हतं. कोरा कागद. तीन पिढ्या जिथं चूल पेटली तिथं कोरं.

मी तेव्हा बाबूशी भांडलो, शिव्या दिल्या, बाहेर आलो. बाहेर आल्यावर कळलं की आपल्याकडं शिवीशिवाय काही नव्हतं. आजी तोवर गेली होती. तिचं बोलणं मी कधी लिहून घेतलं नाही. साक्ष चितेबरोबर गेली. हा दोष बाबूचा नाही, माझा आहे. मी कविता लिहीत होतो, विद्रोहाच्या, आणि आजी दारात बसून इतिहास सांगत होती.

महाडच्या सनातन्यांना कोर्टात ‘अनादी’ सिद्ध करता आलं नाही. आपल्याला तर तीन पिढ्याही सिद्ध करता येत नाहीत. फरक एवढाच की त्यांचं खोटं होतं आणि आपलं खरं आहे. पण खऱ्यालाही साक्षीदार लागतो.

७

म्हणून काही कामं सुचवतो. मोठी नाहीत. पाळी सांभाळून होण्यासारखी.

आपापल्या गावचा गावनकाशा भूमी अभिलेखाच्या कचेरीतून रीतसर पैसे भरून घ्या. तो वाचायला शिका. गट नंबर, शीव, ओढा, गाडरस्ता, गावठाण, स्मशान. महारवतनाची जमीन कुठं होती, आता कुणाकडं आहे, ते फेरफाराच्या नोंदीत बघा. मग एका कोऱ्या कागदावर दुसरा नकाशा काढा. त्यावर वस्ती, तिची विहीर, तिची वाट, जिथं गुरं ओढून टाकायला लावायचे ती जागा, जिथं पहिली धम्मदीक्षा झाली ती जागा, पहिला पंचशील ध्वज लागला ती जागा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. एकात काय आहे आणि दुसऱ्यात काय नाही ते आपोआप बोलेल.

सत्तरीच्या वरची जेवढी माणसं वस्तीत आहेत त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. सुधारू नका. "हीर" म्हणलं तर "हीर" लिहा. तारीख घाला, कुणी सांगितलं ते घाला, कुणी लिहिलं ते घाला, अंगठा घ्या.

आणि वाढवून सांगू नका. आपल्या बाजूचं म्हणून खोटं चालत नाही. मार्चचं डिसेंबरात घालू नका, डिसेंबरचं मार्चात नको. एक तारीख चुकली की समोरचा बाकीच्या दहा खऱ्या तारखा फेकून देतो.

नावाची किंमत आपल्या शहराला सांगायला नको. विद्यापीठाच्या पाटीवर बाबासाहेबांचं नाव यावं म्हणून १९७८ च्या जुलैत ठराव झाला आणि १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं. मधल्या सोळा वर्षांत या मराठवाड्यात किती घरं जळाली, किती माणसं गेली. पाटीवरचं एक नाव. त्याच विद्यापीठाच्या मागं डोंगरात बौद्ध लेणी आहेत, आणि शहागंजाहून थोडं पुढं गेलं की मलिक अंबरानं बांधलेल्या भडकल दरवाजाजवळ बाबासाहेबांचा पुतळा आहे. हे सगळं चालत जाऊन बघण्यासारखं आहे. मी एका रविवारी चाललो.

येत्या २० मार्चला मंडळातली पोरं महाडला जाणार आहेत. मी त्यांना सांगितलंय, तळ्यावर जाऊच, पण आधी दासगावला उतरायचं. खाडीच्या काठी उभं राहायचं. तिथून पाच मैल पायी. जाताना गांधारपाल्याची लेणी बघायची. पोरं कुरकुरली, ऊन फार असतं म्हणाली. म्हणलं, पाणी बरोबर घ्या.

तो फाटका नकाशा मी बरोबर नेणार आहे. महाडच्या त्या काळ्या ठिपक्याशेजारी निळ्या शाईनं तळं काढायचं आहे. चारी बाजूंनी रस्ता, आणि रस्त्यावर चाराचाराच्या रांगेनं माणसं. मग परत आल्यावर चाचांना दाखवीन. त्यांना चाळीस रुपयांत काय विकलं ते कळायला पाहिजे.

जय भीम.